पत्र्यावरचा चेंचो

चेंचो आर्रियागाला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसला तरी मेजाखाली त्याचा उजवा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत राही आणि वाडग्यातलं सूप हिंदकळे. डेल्फिना, त्याची बायको, वाडगं अर्धंच भरायची. "उरलेलं मेजपोसाला पाजायचं नाही मला," म्हणायची.

धंदाही त्याला फिरतीचाच मिळाला होता. ओहो सार्को गावात घरोघर शेळीचं दूध आटवून काहेता करतात. त्या तांबूस, चिकट गोडाच्या बरण्या गाडीत भरून तो केरेतारोपासून साकातेकासपर्यंतच्या मिठाईवाल्यांना पोचवायचा. त्याची गाडी गल्लीत शिरली की दुकानदारांना आधी वास यायचा. दुपारी दुकानांची शटरं खाली येत, मालक जेवून आडवे होत. बाकीचे फेरीवाले त्या वेळात गाडीच्या सावलीत घोरत. चेंचो मात्र संग्रहालयात जायचा.

"बाकीच्यांच्या नवऱ्यांना गावोगाव बायका असतात," डेल्फिना शेजारणींना सांगायची, "माझ्या नवऱ्याला गावोगाव संग्रहालयं आहेत. बाई असती तर निदान तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. दगडी देवांच्या काय उपटू?"

पण चेंचोला दगडी देवांशी काही देणंघेणं नव्हतं. पिसांचे मुकुट, मातीची कुत्री, गव्हर्नरांच्या खुर्च्या, सांगाड्यांच्या गळ्यातल्या माळा यांच्यामधून तो परक्याच्या लग्नमांडवातून वाट काढावी तसा भराभरा निघून जायचा. तिकिटाच्या खिडकीशीच तो विचारून घ्यायचा, "नवसाचे पत्रे आहेत का इथे?" नाही म्हणाले तरी एक चक्कर मारून यायचा. ग्वानाह्वातोत तर तो वाळलेली प्रेतं मांडून ठेवलेल्या संग्रहालयातही जाऊन आला. घरी आल्यावर आई म्हणाली, "मेलेल्यांच्यात कशाला शोधतोस? तिथंच तर मी तुला ढकललं होतं."

ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्या आईने, ओबदुलिया आज्जीने, ती लपवली नव्हती. उलट कुणी ऐकायला मिळालं की ती सांगायचीच.

चेंचो लहान असताना विहिरीत पडला होता. दोर तुटला, बादली बुडाली, पोरगा मात्र दगडाच्या एका कपारीला अडकून राहिला. वर ओबदुलियाने झऱ्याच्या मातेला हाक मारली. ती त्या गावची माता, झऱ्यावरच्या देवळातली, हातभर उंचीची, निळ्या झग्यातली. "माझं लेकरू वर दे, तुझ्यासमोर त्याचा पत्रा लावीन." लेकरू वर आलं. आईने लेओनच्या रंगाऱ्याकडून पत्रा रंगवून घेतला. त्यात विहीर होती, विहिरीत लाल सदऱ्यातला मुलगा होता, काठावर गुडघे टेकलेली आई होती आणि ढगात माता. खाली आभाराचा मजकूर. देवळाच्या बाजूच्या खोलीत असे पत्रे भिंतभर होते. कुणाचा बैल सापडला होता, कुणाचा ताप उतरला होता, कुणी उत्तरेला सीमेपलीकडे धडपणे पोचला होता. मेणबत्त्यांच्या काजळीने सगळे काळेठिक्कर पडले होते.

मग एका वर्षी देवळाचं छप्पर खचलं. त्याच सुमाराला शहरातून एक टोपीवाला खरेदीदार आला आणि जुने पत्रे विकत मागू लागला. उत्सव मंडळाची बैठक बसली. मंडळात ओबदुलिया होती. सगळ्यांनी मिळून एक तोडगा काढला आणि तो त्यांना मोठा शहाणपणाचा वाटला. ज्याच्यासाठी नवस केला तो माणूस मेला असेल, तर नवस फिटला आणि त्याचं मातेकडचं काम संपलं. मेलेल्यांचे पत्रे विकावेत, जिवंतांचे ठेवावेत. देऊळ झाडणाऱ्या म्हाताऱ्याने एकेक पत्रा कंदिलापाशी धरून खालचं नाव वाचायचं आणि मंडळाने सांगायचं, जिवंत की मयत.

"क्रेसेन्सियो आर्रियागा," म्हाताऱ्याने वाचलं.

ओबदुलियाचा नवरा त्याच वर्षी वारला होता. त्याचंही नाव क्रेसेन्सियो, ज्याचं लाडाने चेंचो होतं. त्या भागात थोरल्या मुलाला बापाचंच नाव देतात. एका घरात हाक मारली की दोघं ओ देतात. नवऱ्याचाही एक पत्रा होता, खेचराने लाथ मारली होती तेव्हाचा. ओबदुलियाने छातीवर क्रूस काढला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मयत." मग तेच नाव दुसऱ्यांदा आलं, तेव्हा म्हणाली, "जिवंत."

पत्रा खोक्यात गेला. खरेदीदार गेला. छप्पर झालं. चुना लावून झाल्यावर उरलेले पत्रे परत टांगले, तेव्हा खेचराची लाथ जिथल्या तिथे होती आणि विहीर गेली होती. मेलेला बाप भिंतीवर राहिला आणि जिवंत मुलगा विकला गेला.

"मातेसमोर, तिच्याच देवळात, माझ्या तोंडाने मी माझ्या पोराला मयत म्हटलं," ओबदुलिया म्हणायची. "आता ती त्याला राखील कशाला? तिच्या लेखी तो नाहीच."

त्यानंतर चेंचोला जे जे झालं ते आईने त्या शब्दाच्या खाती टाकलं. गाडीचे ब्रेक निकामी झाले, पित्ताशयात खडे झाले, बकऱ्या रोगाने गेल्या. चेंचो हसायचा. "आई, ब्रेक सगळ्यांचे जातात. अख्खं गाव काय पत्र्याविना आहे?" पण रस्त्यावर एकटा असताना त्याला हसू यायचं नाही. घाटात ट्रक समोर आला की त्याच्या मनात येई, माझी नोंद वर कोणत्या बाजूला आहे? आईची भीती त्याच्या डोक्यात शिरली नव्हती, ती त्याच्या पायांत उतरली होती. म्हणून तो बसत नव्हता.

अलीकडे आईचे डोळे गेल्यात जमा होते आणि छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरने मान हलवली. ओबदुलियाने डॉक्टरलाच धीर दिला. "मी इतक्यात जात नाही. वर गेल्यावर ती विचारेल, पोराला का मारलंस? उत्तर तयार झालं की जाईन."

पत्रा सापडला तो केरेतारोत, आणि शोधत नसताना. चौकातल्या मिठाईवाल्याने बरण्या मोजून घेता घेता सांगितलं, की डोळ्यांच्या एका डॉक्टरांचं घर आहे मागच्या गल्लीत. डॉक्टर वारले, आयुष्यभर जमवलेलं सगळं आता लोकांना बघायला उघडलंय. "बाहुल्या आहेत, जुने चष्मे आहेत. जा की, तुला नाहीतरी बूड टेकवत नाही."

चेंचो गेला. चष्म्यांच्या खोलीतून, बाहुल्यांच्या खोलीतून नेहमीच्या चालीने निघाला आणि शेवटच्या दालनात त्याचे पाय थांबले. भिंतीवर काचेमागे पत्रे होते, धुतलेले, पुसलेले. आणि मधोमध एक विहीर.

त्याने तो पत्रा लहानपणी पाहिला होता तो काजळीतून. मुलाचा सदरा इतका लाल असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. काठावरच्या बाईची वेणी काळी कुळकुळीत होती आणि तिच्या गालावर रंगाऱ्याने एकच थेंब काढला होता, वाटाण्याएवढा.

"काचेला नाक लावू नका, सेन्योर," मागून आवाज आला. दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर गडद निळ्या कोटातली एक पोक्त राखणदारीण, लुदिविना, क्रोशाची लेस विणत बसली होती. "पुसावं मला लागतं."

"हा मी आहे," चेंचो म्हणाला.

"असाल." लुदिविनाने टाका घातला. "परवा एक जण समोरच्या दालनातला सम्राट होता."

"अहो, खरंच. खाली वाचा. क्रेसेन्सियो. माझं नाव. ही माझी आई. घरी आहे, जिवंत आहे, मला शिव्या देते."

लुदिविनाने चष्मा कपाळावर सरकवला, पत्र्यावरच्या मुलाकडे बघितलं, मग या टक्कल पडलेल्या, सदऱ्याला काहेताचे डाग पडलेल्या माणसाकडे. "तेव्हा बरे दिसत होता," ती म्हणाली.

त्याने ऑफिसात विचारलं. तिथल्या तरुण व्यवस्थापकाने त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, ती अर्थात वापरली गेली नाही, आणि सगळं नीट ऐकून घेऊन सांगितलं की विश्वस्तांच्या नियमाप्रमाणे इथली एकही वस्तू विकता येत नाही, देता येत नाही, उसनीही नाही. मुलगा वाईट नव्हता. नियमच तसा होता.

चेंचो पुढच्या फेरीला पुन्हा आला. त्याच्या पुढच्या फेरीलाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या खिशात गाडीतला स्क्रू-ड्रायव्हर होता.

दुपार होती. दालनात कुणी नव्हतं. लुदिविनाचं डोकं छातीवर आलं होतं, लेस मांडीवर घसरली होती. चेंचो भिंतीशी उभा राहिला. चौकटीला चार स्क्रू. त्याने खिशात हात घातला. ढगातली माता त्याच्याकडे बघत होती. तिला आधीच एकदा सांगितलंय की हा मेला, त्याच्या मनात आलं. आता हा चोर आहे हेही आपणच सांगायचं? चोरलेल्या पत्र्याने नवस फिटतो का? की दुसरा लागतो? हात खिशातच राहिला आणि पाय मात्र हलू लागला, टाच फरशीवर वाजू लागली.

"ते स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाहीत," लुदिविना डोळे न उघडता म्हणाली. "आणि घंटा वाजते. मागे एका पोराचा फुगा लागला तर अर्धी गल्ली गोळा झाली होती."

चेंचोला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तो बोलू लागला ते एका दमात सगळं बोलला. छप्पर, मंडळ, बाप, खेचर, मयत. लुदिविनाने ऐकता ऐकता दोन ओळी विणल्या.

"खेचराचा पत्रा राहिला आणि तुमचा गेला?"

"हो."

"म्हणजे लाथ खाल्लेला भिंतीवर." तिला हसू आलं, तिने ते लेसमध्ये दाबलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "हे बघा, इथून काही बाहेर जात नाही. ज्याला यायचं असेल त्याने आत यावं. दार उघडं आहे, रविवारी तर फुकट आहे. आईला आणा."

घरी आल्यावर चेंचोने हे जसंच्या तसं सांगितलं. ओबदुलिया खाटेवर उशीला टेकून होती. छातीतली शिट्टी वाजत होती.

"मी जाऊन काय करू?" ती म्हणाली. "मी काय पत्रा मला दाखवीन म्हटलं होतं? मातेला दाखवीन म्हटलं होतं. पत्रा येत नसेल तर ती जाईल."

डेल्फिनाच्या हातातला झाडू थांबला. "कोण जाईल, सासूबाई?"

"माता. रविवारी आपली पाळी सुरू होते ना?"

गावात मातेची एक धाकटी मूर्ती होती, काचेच्या दाराच्या लाकडी पेटीतली. ती घरोघर फिरायची. एकेका घरी आठवडाभर मुक्काम, रोज संध्याकाळी शेजारपाजारी जमून जपमाळ म्हणायची, मग घरच्यांनी सगळ्यांना खायला घालायचं. पण तिला गावाच्या शिवेबाहेर न्यायचं नाही, असा दंडक होता. एकदा कुणी नेली होती तेव्हा पाऊस तोंडावर येऊन परतला होता म्हणतात.

"मंडळ काय म्हणेल?" चेंचो म्हणाला.

"मंडळाचं ऐकूनच तर हे झालं."

"आणि शीव?"

"तू विहिरीत पडलास तेव्हा ती शीव बघत बसली होती का?"

डेल्फिनाने झाडू भिंतीला टेकवला. "सकाळी प्रार्थना झाली की मूर्ती आपल्या घरी येते. संध्याकाळी पहिली जपमाळ. त्याच्या आत परत या. माणसं जमली आणि ती नसली तर मी मक्याचे तमाले वाढू की तोंड लपवू?"

रविवारी चेंचोने काहेताच्या बरण्या उतरवल्या, गाडीत गादी घातली, आईला शालीत गुंडाळून बसवलं. तिच्या मांडीवर पेटी. गावाची शीव ओलांडताना त्याने नकळत वेग कमी केला आणि आभाळाकडे बघितलं. आभाळ निळं होतं. आईने पेटीच्या दारावर हात ठेवला, लेकराला झोपवताना ठेवतात तसा, आणि म्हणाली, "चालव. ती बसलीय नीट."

केरेतारोच्या त्या घराशी रविवारची रांग होती. दाराशी लुदिविनाच होती. तिने म्हातारीला पाहिलं, पेटी पाहिली, आधी क्रूस काढला आणि मग पाटीकडे बोट दाखवलं.

"पिशव्या, खोकी, पेट्या आत नाहीत, आज्जी."

"पेटी नाही पोरी, घर आहे तिचं."

"मग घर इथे ठेवा."

"आणि ही?"

रांगेतली माणसं पुढे वाकून बघू लागली. लुदिविनाने पाटी परत एकदा वाचली. त्या पाटीवर कुत्री होती, छत्र्या होत्या, खाद्यपदार्थ होते. "कडेवरच्या लेकरांबद्दल इथे काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

तेव्हा ओबदुलियाने मातेला पेटीतून काढलं, शालीत घेतलं, कडेवर घेतलं, आणि चेंचोचा दंड धरून आत निघाली. चष्म्यांची खोली, बाहुल्यांची खोली. चेंचो आईच्या चालीने चालत होता आणि त्याला पहिल्यांदाच त्या खोल्या एवढ्या लांब वाटल्या. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. घाटातला रस्ता, रविवारच्या गाड्या, अंगणात मांडलेल्या खुर्च्या सगळं त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होतं.

"आई, पोचलो. हा समोर."

ओबदुलियाने मान पुढे केली. "लाल काहीतरी दिसतंय."

"तो माझा सदरा."

"आणि काळं?"

"तुझी वेणी."

"इतकी काळी होती?" म्हातारी म्हणाली. "वाच."

चेंचोने वाचलं, "मी, ओबदुलिया रेंतेरिया, झऱ्याच्या मातेचे आभार मानते. माझा मुलगा क्रेसेन्सियो आर्रियागा विहिरीत पडला असता मी तिला हाक मारली आणि तिने त्याला जिवंत परत दिला."

ओबदुलियाने मातेचं तोंड पत्र्याकडे केलं. मग उलटं फिरवून चेंचोकडे केलं. "बघ," ती तिला म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "तो आणि हा एकच. त्या दिवशी कंदिलाच्या उजेडात मी म्हणाले ते याच्या बापाबद्दल. नावं एक ठेवली ही आमची चूक. बाप तुझ्याकडेच आहे, त्याला विचार. हा माझ्याकडे आहे, जिवंत आहे." आणि मोकळ्या हाताने तिने चेंचोच्या दंडाला असा चिमटा काढला की तो ओरडला.

"आई गं!"

सगळं दालन वळून बघू लागलं. दाराशी आलेली लुदिविना "शूऽऽ" म्हणाली.

"ऐकलंस ना?" ओबदुलिया मातेला म्हणाली. "मेलेला ओरडतो का?"

चेंचो दंड चोळत म्हणाला, "झालं ना? चल आता, उशीर होतोय."

"थांब. बाकीचे वाच."

"बाकीचे कोण?"

"आपल्या गावचे. खोकंभर गेले होते. ती इतक्या लांब आलीय, सगळ्यांना भेटू दे. मेले म्हणून काय झालं?"

चेंचोचा पाय हलू लागला होता. पण तो वाचत गेला. ताप उतरलेली एवारिस्ता. "सुईण होती. तुलाही तिनेच काढलं." सापडलेला बैल. "बैल चांगला, माणूस कंजूष." कुणाचा तरी सीमेपलीकडे पोचलेला भाऊ. "पोचला आणि विसरला." प्रत्येकासमोर ती मातेला उंच धरायची आणि दोन शब्द सांगायची, गावात पाहुणे आल्यावर ओळख करून देतात तसे. माणसं त्यांच्यामागे गोळा झाली, हळूहळू चालू लागली, कुणी टोपी काढली. शेवटच्या पत्र्याशी लुदिविना जवळ आली. "काही हाताळू नका" असं दिवसभर सांगणाऱ्या तिने हात पुढे केला, मातेच्या झग्याच्या काठाला बोट लावलं आणि ते ओठांना नेलं. मग म्हणाली, "बंद करायची वेळ झाली, आज्जी."

परतीचा रस्ता चेंचोने कसा कापला ते त्यालाच माहीत. ओबदुलिया झोपली होती, पेटी मांडीवर, शिट्टी सावकाश. गावात शिरला तेव्हा अंगणात दिवे लागले होते आणि शेजारी खुर्च्यांवर बसले होते. त्याने दिवे मालवून गाडी मागच्या गल्लीत घेतली.

डेल्फिना मागच्या दारात उभी होती. "किती वेळ सांगू यांना, की सासूबाई मातेला नवा झगा घालताहेत?" ती दबक्या आवाजात फणकारली. "तमाल्यांची पहिली परात संपली. आता त्या झग्याला बाह्या किती आहेत ते विचारायला लागलेत."

माता चौरंगावर बसली, फुलं वाहिली, दार उघडलं. शेजारीण रोसेंदा पुढे झाली, वाकली, झग्याचा काठ ओठांना लावला आणि थबकली.

"डेल्फिना, मातेला काहेताचा वास कसा गं येतो?"

"आमच्या घरी आल्यावर," डेल्फिना म्हणाली, "देवालाही येतो."

जपमाळ सुरू झाली. चेंचो आईजवळ खालीच, चटईवर बसला. जपमाळ लांबली. रोसेंदाला सूर सापडला की ती सोडत नसे. मग गाणी झाली, मग उरलेले तमाले, मग तांदळाची गरम पेज. माणसं पांगली तेव्हा डेल्फिनाने खुर्च्या उचलायला त्याला हाक मारली.

तो उठायला गेला आणि उठता येईना. उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. असं कशाने होतं हे त्याला माहीतच नव्हतं, इतका वेळ तो आजवर बसलाच नव्हता. घाबरून त्याने पाय दाबून पाहिला.

"आई, पाय मेला माझा!"

"काही मेला नाही," ओबदुलिया खाटेवरून झोपेतच म्हणाली. "बस जरा."